राखीव गोलकीपर

भरमाण्णा सांबरेकर सोळा वर्षं खेळले,
म्हणजे सोळा वर्षं बाकावर बसले
पायाला पॅड बांधून.
आत उतरले ते अकरा वेळा.
हा आकडा त्यांनीच सांगितला, आणि सांगताना
मोजावं लागलं नाही.

रेल्वेत नोकरी, आधी हुबळी, मग लोंढा.
खेळायच्या शर्टावर राज्याचं नाव, कन्नडात.
वडील सीमेच्या मोर्च्यात डोकं फोडून घेतलेले;
तो शर्ट बाहेरच्या दोरीवर दिसायचा नाही, असा हुकूम.
आई आतल्या खोलीत वाळत घालायची, मागाच्या तुळईवर.
अख्ख्या टीमात माझ्याच शर्टाला
खळीचा वास असायचा बघा,
सर म्हणायचे.

परदेश एकदाच.
जर्मनीचा दौरा, त्यातून दोन दिवस स्वीडन.
संध्याकाळी बर्फाच्या मैदानावर नेलं.
बुटाला पाती लावून पळणारी ती दांडगी माणसं बघून
सगळे हसत होते, कुडकुडत.
सर गोलकीपरकडं बघत राहिले.
तो मधूनमधून, मान न वळवता,
काठीनं डावा खांब वाजवायचा, मग उजवा.
टक्.
टक्.

कठड्याला टेकून त्यांचा कोच उभा होता,
नाक दोनदा मोडलेला म्हातारा.
एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.
सरांच्या गुडघ्यावरचे वळ त्यानं बघितले,
स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग बाकाकडं केलं,
मग दोन्ही पंजे उघडले, मिटले,
परत उघडले.
वीस वर्षं.
माझ्यापेक्षा चारनं सीनियर,
सर म्हणायचे.
त्यानं कॉफी पाजली. कडू होती.

आम्ही त्यांना भेटलो त्या वेळी
केस पांढरे, लुना हिरवी,
मागं पोत्यात तेरा काठ्या.
वडगावात शाळेमागचं मैदान,
पलीकडं यंत्रमागांची खडखड, म्हणून सर ओरडून बोलायचे
आणि घरी गेल्यावरही तसेच बोलायचे म्हणे.
फॉर्म कन्नडात येत. सर भरून देत,
चौकट चौकट, जपून, रांगोळी काढल्यासारखे.
शिव्या मात्र मराठीत.
एकदा एका बापानं विचारलं,
पोरगी कुणाकडनं खेळणार, सर?
सर म्हणाले, लेफ्ट-इनकडनं.

गोलवर शमशाद नदाफ.
तिला पहिला महिनाभर चेंडूच दिला नाही.
डोळ्याला टॉवेल बांधून उभी करायचे.
डावा कुठाय?
टक्.
उजवा?
हवेत जायची काठी, आम्ही फिदीफिदी.
हसाल्यात काय गे? पळा, चार राऊंड.
तिच्या आईची तक्रार, ही आता
दारातनं आत येतानाही दोन्हीकडं चौकट वाजवालीय,
कुणी काय करणी केलीय काय?

धारवाडला फायनल. एक-एक.
शेवटच्या मिनिटाला स्ट्रोक त्यांना.
शमशादनं वाजवला डावा, वाजवला उजवा,
आणि उजवीकडं झेपावली.
चेंडू डावीकडनं, सावकाश,
म्हशीनं गोठ्यात शिरावं तसा गेला.

परतीच्या बसमधे ती कित्तूरपर्यंत रडली.
सर पुढच्या सीटवर, मागं न बघता म्हणाले,
खांब कुठं हायत ते म्हाईत होतं न्हवं?
होतं.
मग झालं. बाकीचं त्या पोरीचं होतं,
तिनंबी सराव केलेला असंल की.

मी कधीच निवडले गेले नाही, हे राहिलंच सांगायचं.
चार वर्षं त्यांच्या शेजारी बाकावर बसले.
दुसऱ्या हाफला कोण दमणार ते
सर दहा मिनिटं आधी पुटपुटायचे,
आणि ती दमायची.
तुलाबी दिसतंय न्हवं? एकदा विचारलं.
दिसत होतं.

त्या रात्री बस स्टँडला उतरून
पावणेबाराला त्यांनी दिव्याखाली पोतं उघडलं.
काठ्या बारा भरल्या.
तेरावी शमशादच्या हातात होती,
ती देईना.
सरांनी पोत्याचं तोंड बांधलं
आणि किक मारू लागले.
लुना सातव्या किकला सुरू झाली.