बांगड्या किती

पितांबरअप्पा बडगुजर
ॲम्प्लिफायरला आधी कान लावत नाहीत.
झाकणावर तळहात ठेवतात,
पोराचा ताप बघावा तसा.
मग मला म्हणतात, "लाव."

कॅसेटवर गाणं नाही.
अर्धा तास नुसती सुपात ज्वारी पाखडली जातेय,
आणि मधेच एक बाई म्हणते,
"दार लोटी ल्या, मांजर येई."
चोपड्यातली प्रत्येक पेटी
याच ज्वारीतून पास होते, नाहीतर नापास.

मंडपवाल्या भोईचा डबा:
"नुसती तर्री. शेव कुठंय?"
शिरपूरहून आलेला नवाकोरा, चांदीच्या बटणांचा:
"वांगं धुतलेलं. निखारा लागलाच नाही याला."
शाळेच्या जुन्या भोंग्यापाशी बराच वेळ गप्प,
मग, "खरं बोलतो. पण नाकातून."

मी हे पावतीच्या मागे लिहून ठेवायचो.
गिऱ्हाईकं हसायची,
आणि दोन वर्षांनी तेच शब्द घेऊन यायची:
अप्पा, निखारा गेला हो याचा.

परवा जळगावहून एक पोरगा आला,
स्वतः बांधलेली पेटी आणि एक यंत्र घेऊन.
पडद्यावर रेघ, तापीच्या पुलासारखी सरळ.
"बघा, कुठं खड्डा आहे का."
अप्पांनी चष्मा पुसून बघितली,
चांगली आहे म्हणाले, अगदी मनापासून.
मग विचारलं, "बांगड्या किती?"
"कुठल्या?"
"पाखडणाऱ्या हातात. मोज."

पोरगा वाकला. तीन, म्हणाला.
कॅसेट मागे घेतली. पुन्हा तीन.
पंख्याचं बटण मी बंद केलं.
मग हळूच, "चार. एक वाजत नाही,
नुसती घासते."
अप्पांनी मान हलवली.
पिचलेली होती ती, त्याच उन्हाळ्यात.

तेवढ्यात जिजाकाकू चहा घेऊन आल्या,
आणि त्यांचाच आवाज दुकानभर झाला,
पंचवीस वर्षं तरणा,
दार लोटायला सांगत.
काकू पायरीवरच थांबल्या.
"हाई मी नही," म्हणाल्या.
"मी कधी इतलं गोड बोलस?"

पोरगा हसला. मीही.
अप्पांनी चहा बाजूला सरकवला,
पेचकस घेतला
आणि पहिला स्क्रू सैल केला.

दार तेवढं
लोटायचं राहिलंच.