आठ आसनांचं विमान

"वजन?" थोरा ड्रेव्हर विचारते,
आणि माणसं आठवू लागतात.

ऑर्कनीत अजून दगडांत मोजतात.
"साडेबारा दगड," म्हणतो मॅन्सी.
लग्नातल्या कोटाचा आकडा;
तो कोट केव्हाच मुलाला गेला.
शाळेतल्या बाई अगदी हळू सांगतात,
आवाज उतरला की काटाही उतरेल अशा.
थोरा वर न बघता
प्रत्येकात एक दगड मिळवते,
वैमानिकाला चिठ्ठी देते.

आज इंगा. तीन महिन्यांनी
इस्पितळातून बेटावर निघालेली.
"अकरा," ठामपणे म्हणते.
कोट अंगावर, खुंटीला टांगल्यासारखा.

थोराचं पेन थांबतं.
मग ती अकराच लिहिते,
आणि टपालाची एक जड पिशवी
इंगाच्या शेजारच्या आसनावर
ठेवायला सांगते.