आकसपट्टी

वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने:
काय पाहिजे, आणि किती जमेल.
प्रोसेसर आठ कोअरचा. खोडला. सहा कोअरचा.
रॅम बत्तीस. इथं हात आखडायचा नाही
असं स्वतःला बजावलं
आणि चहा संपेपर्यंत सोळावर आलो.
एकूण बावन्न हजार,
त्यातले चार तेजश्रीच्या भिशीतले,
न मागता, जेवणाच्या डब्याखाली ठेवलेले.

राजारामपुरी, चौथी गल्ली, अरुंद जिना,
वर बाहुबली मगदूमचं दुकान.
उघड्या मदरबोर्डांच्या मधोमध
त्याची भाकरी, अर्धी मोडलेली.
"काम काय करतोस त्यावर?"
तीन दुकानं फिरलो, हे विचारणारा हा पहिलाच.
म्हटलं, व्हॉल्व्हच्या बॉड्या, पंपाची केसिंगं.
वितळलेलं लोखंड साच्यात कुठून शिरेल,
कुठं आधी गोठेल, कुठं पोकळी धरेल,
ते ओतायच्या आधी पडद्यावर बघायचं.
जुनं मशीन एका रनला अख्खी रात्र खातं
आणि पहाटे त्र्याण्णव टक्क्यांवर मान टाकतं.

"मग रंगीत दिव्यांचे पंखे कशाला तुला?
ते पैसे रॅमला घाल, बत्तीसच घे.
कॅबिनेट जुनं चालव.
पॉवर सप्लाय मात्र चांगला,
उद्यमनगरातली लाइट तुला मी सांगायला नको."
ग्राफिक कार्डाच्या खोक्यावर बारीक अक्षरात
लांबी: २९९ मिलीमीटर.
"जागा मोजून ये. खोकं फोडल्यावर परत घेत नाही."

जागा अण्णांनी मोजली.
सागवानी पॅटर्नवर चाळीस वर्षं घालवलेला माणूस,
अर्धी करंगळी बँडसॉला देऊन बसलेला.
कॅबिनेटच्या पत्र्यावर अजून ती मातकट रेघ आहे,
एकोणीस सालच्या पुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात
पंचगंगा कुठवर आली होती त्याची.
अण्णांनी आधी रेघेवरून बोट फिरवलं,
मग चष्मा कपाळावर सरकवून
पट्टी आत घातली.
"दोनशे सत्त्याण्णव. न्हाई बसत."

दोन मिलीमीटर.
मी कार्ड खोडलं. त्याच्या खाली लहान कार्ड लिहिलं,
निम्म्या मेमरीचं. बेरीज एकदम सुटसुटीत आली
आणि मला ती बघवेना.
नवं कॅबिनेट लिहिलं. खोडलं.
पान खोडून खोडून फाटलं एका ठिकाणी.

रात्री साडेअकराला अण्णा दारात,
हातात तीच पट्टी.
"लेका, ही खोटी हाय."
"काय?"
"आकसपट्टी ही. लोखंड निवताना अंग चोरतं,
मीटरमागं दहा मिली.
म्हणून हिचा मीटरच तेवढा लांब केलेला असतो,
पॅटर्न मोठा व्हावा आणि माल मापात यावा.
चाळीस वर्षं दुसरी पट्टी धरली न्हाई हातात.
ही खोटं बोलती हेच इसरलो."

मग आम्ही दोघं जमिनीवर बसलो,
तेजश्रीच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन,
त्यावरही अण्णांचा विश्वास बसेना म्हणून
शेजारच्या पोराची शाळेची पट्टी झोपेतून उठवून मागवून.
तीनशेला केसभर कमी.
म्हणजे एक मिलीमीटर आपला.
"लई झाला," अण्णा म्हणाले.

कार्ड बसलं शनिवारी.
मगदूमनं श्वास रोखून आत सरकवलं,
अण्णांनी टोकाच्या फटीत लग्नपत्रिका घालून बघितली,
ती अडखळत, पण गेली.
पहिला रन चाळीस मिनिटांत संपला,
आणि उरलेल्या रात्रीचं काय करायचं
ते मला कळेना.

अण्णा पडद्यासमोर वाकून उभे.
"आकसायचं सांगितलंस का ह्याला?"
मी चौकोन दाखवला: एक टक्का.
"कुणी भरलं?"
"मीच."
हं, म्हणाले. खिशातनं पेन्सिल काढून
पट्टीच्या पाठीवर बारीक लिहिलं: खोटी.
आणि पट्टी परत तिच्या खिळ्याला अडकवली.