सांभळ

चौथी रात्र.
कारेलीबागेतल्या बारा खाटांच्या या प्रसूतिगृहात
पंख्याची कुरकुरही आता घरची वाटते.
ती रडते. मी तिला घेते, दात आवळते.
डावीकडे भेग पडलीय, केसाएवढी,
पण तिथे ओठ टेकले
की माझ्या पायाची बोटं आखडतात.

"दूध पुरत नसेल गं," सासूबाई म्हणतात,
प्रेमानंच म्हणतात.
मामंजींनी आणलेला पावडरचा डबा खिडकीत आहे,
त्याच्यावर कुणाचं तरी गुबगुबीत मूल
रात्रंदिवस माझ्याकडे बघून हसतं.

तरी तिच्या गालांना पिताना खळ्या पडतात.
तेवढंच सुख. मी नवऱ्याला फोटो पाठवला:
बघ, तुझ्या आईवर गेलीय.

साडेतीनला रेवाबेन आल्या.
ओव्याचा वास, पायात रबरी चप्पल, बोलणं कमी.
खळ्या बघून त्यांनी मान हलवली.
बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी सारली,
टप्‌ आवाज झाला, सुटलं.
"जो," म्हणाल्या.
मी पाहिलं: टोक तिरकं चेपलेलं,
झिजलेल्या लिपस्टिकसारखं.
"ने आ टक टक थाय छे ने, ए सारुं नथी."

टक टक.
नऊ वर्षं मी वीज कंपनीत तक्रारीच्या खिडकीवर बसते.
लोक येतात, म्हणतात, बेन, लाइट येते-जाते, येते-जाते.
मी मान वर न करता सांगते:
करंट आहे. कॉन्टॅक्ट लूज असेल.
आणि इथे चार दिवस
मी माझ्याच नावावर लिहीत होते: पुरवठा नाही.

रेवाबेननी तिला कुशीवर वळवलं,
पोटाला पोट, नाकासमोर टोक.
मी वाकायला गेले तर खांदा धरून मागे टेकवलं.
मी जायचं नाही. तिनं यायचं.
"विश्वामित्रीनो मगर जोयो छे ने, तडके?
एटलुं मों पहोळुं थाय, पछी."

मग आम्ही तिघी थांबलो.
वरच्या ओठावर एक हलका स्पर्श. काही नाही.
पुन्हा. अर्धवट. रेवाबेन: "ना."
पुन्हा.
आणि माझी दोन किलो आठशेची मगर
अशी जबडा वासून आली
की मी डोळे मिटून घेतले.

दुखलं. मोजले: एक, दोन, पाच, आठ,
नवव्याला दुखणं विसरलं कुठे होतं ते.

डोळे उघडले. हनुवटी रुतलेली, नाक मोकळं.
खालचा ओठ बाहेर उलटलेला.
काळं वर्तुळ वरून थोडं दिसतं, खालून गिळलेलं.
गाल गोल, भरलेले.
खळ्या गायब.

"हवे सांभळ," त्या म्हणाल्या.

एकतीस वर्षं या गावात काढली,
सांभळ म्हणजे ऐक, हे दुधाच्या दातांपासून माहीत.
पण त्या वेळी, झोपेच्या काठावर,
मला आमच्यातलंच ऐकू आलं: सांभाळ.
आणि मी घाबरून हात घट्ट केले.
त्या हसल्या. कानाकडे बोट केलं.

आधी भराभर चोखणं, उथळ, घाईचं.
मग संथ. हनुवटी खोल जाते, क्षणभर थांबते,
आणि मग तो आवाज, आवाजही नाही,
"क" म्हणता म्हणता राहिल्यासारखा श्वास.
घोट.
पुन्हा तेच. थांबणं. घोट.

खाली टेम्पोतून दुधाचे क्रेट उतरत होते,
कुणीतरी कुणाला हिशोबावरून शिव्या देत होतं.
सासूबाई जाग्या झाल्या. "पीतेय?"
मी बोट ओठांवर ठेवलं: सांभळा.

पाचला ती घसरली. टक टक.
रेवाबेन दुसऱ्या खोलीत होत्या.
मी करंगळी सारली, माझी माझी,
टप्‌.
तीनदा चुकलं. चौथ्यांदाही, जरासं.
डबा खिडकीतच राहू दे, त्याच्याशी काही वैर नाही.

सहाच्या सुमारास तिची मूठ उघडली,
चार दिवसांची आवळलेली.
आत लोकरीचा एक पिवळा धागा,
ओला, कुठून आणला देव जाणे.