पंधरा मिनिटं पुढे

बाईंनी विचारलं, परदेशात कोणाकोणाचं कोण आहे?
अर्ध्या वर्गाचे हात वर.
माझे अब्बा दोहाला. मुबीनचे दोन्ही चाचा कुवेतला.
प्रथमेश बिर्जेचा काका तेलाच्या जहाजावर,
म्हणजे आज कुठे, ते सांगता येत नाही.
मग मागून सुजलचा हात.
"आजी."
सगळे हसले. आजी कशी जाईल नोकरीला?
"ती नाय गेली कुठे. ती घरीच आहे.
आम्ही आलो."
बाईंनी खडू खाली ठेवला
आणि घेतलेलीच हजेरी परत घेतली.

सुजल साळवींच्या बागेत राहतो, पंपाच्या खोलीत.
त्याचे बाबा आंब्याच्या राखणीला.
सगळे त्यांना गुरखा म्हणतात, नाव तेज बहादूर.
केलटी आली की सुजल पत्र्याचा डबा बडवतो
आणि शिव्या मराठीत देतो,
कारण केलटी इथली.

त्यानेच सांगितलं, नेपाळचं घड्याळ
आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं.
पंधराच?
पंधरा मिनिटांत मी मशिदीपासून जेटीवर जाऊन
बर्फाचा खडा चोखत परत येते.
मग तू रोज का नाही जात?
चार दिवस लागतात, तो म्हणाला.
एसटी, मग दोन ट्रेन, मग जीप, मग पायी,
पायी संपलं की आजी.

दोहा अडीच तास मागे.
अडीच तासांत तर चिपळूण येतं, मध्ये वडापाव खाऊन.
अब्बांना दोन वर्षं लागतात.
हे गणित मी वहीत केलं, बोटांवर केलं,
मग अम्मीला विचारलं.
भाकरी करपतेय, ती म्हणाली, सरक.

मे महिन्यात बागेत खोके भरत होते.
कागद, आंबा, कागद.
झाकणावरची इंग्रजी अक्षरं जोडली तर दोहा.
सुजलने इकडेतिकडे बघितलं
आणि एका आंब्यावर नखाने 'अ' काढला.
अब्बांचा किंवा आफरीनचा, कसाही चालेल.
तिथून काळा पडेल, म्हणाला, पण दिसेल.

आठ दिवसांनी फोनवर विचारलं, आंबे बघितले?
बघितले ना, दुकानात.
वास?
काच होती, बेटा.
आणि अ?
कसला अ?
तेवढ्यात चित्र अडकलं.
अब्बांचं तोंड उघडंच राहिलं, किती तरी वेळ.

बोटी वर ओढल्या. पंपाच्या खोलीला कुलूप.
डबा बाहेरच राहिलाय, त्यात पाणी साचलंय,
पाण्यात एक बेडूक, कुठूनसा आलेला.

शाळेची घंटा साडेदहाला.
अब्बांचे आठ.
सुजलचे पावणेअकरा, म्हणजे तिथे तो उशिरा पोचला असणार.
हजेरीत त्याचं नाव अजून आहे.
ते आलं की बाई पेन उचलून धरतात.
येतोय बाई, मी सांगते,
पंधरा मिनिटं.