सतराशे चाळीस

गंगावेशीच्या कट्ट्यावर
जिच्या धारेखाली पहाटे पैलवान तांब्या धरून बसायचे
ती म्हैस मंगळवारी गेली.
कोठा उघडला तर आत एक गाठोडं:
पिशव्या, सुतळी, गुटख्याच्या पुड्या,
कुठल्याशा मंडळाच्या पताका.
मल्लाप्पा गवळ्यांनी ते स्वतः तराजूत टाकलं.
बावीस किलो.
माप त्यांनी कधी मारलं नाही, आताही मारलं नाही.
मग माझ्याकडे न बघता म्हणाले,
“हे दिसलं. न दिसल्यालं किती आसंल, ताई?”

म्हणून कासेतला हा नखाएवढा तुकडा.

मेणात बुडवायचा नाही.
मेणाचं आणि प्लास्टिकचं बोलणं एक, यंत्र फसतं.
गोठवायचा, आणि पात्यानं इतके पातळ काप काढायचे
की वर श्वास पडला तर दिवस वाया.
अंगात सुती.
ओढणी दाराबाहेरच्या खिळ्याला.

दस्तगीरभाई नायट्रोजन ओततात,
धूर त्यांच्या दाढीपर्यंत चढतो.
यंत्राचा डोळा गार लागतो.
तापलेल्या डोळ्याला फक्त स्वतःचीच ऊब दिसते.

उजेड तांबड्याच्या पलीकडचा.
(कोल्हापुरात हे वाक्य म्हटलं
की मागच्या बाकावरून येतंच: “म्हणजे पांढरा का, मॅडम?”)
त्या उजेडात जो तो थरथरतो, आपापल्या आकड्यावर.
मांस सोळाशे पन्नासला.
पिशवी एकोणतीसशेच्या थोडं वर.
आणि घोळ असा, की चरबीही तिथंच.
सायीतली, लोण्यातली,
आमच्या तालमीतल्या तीन पिढ्यांच्या दंडात मुरलेली चरबी
त्याच जागी, त्याच सुरात हुंकार देते.
चार रात्री मला सगळी कासच प्लास्टिकची दिसत होती.

कुंभोजकर सर म्हणाले, सतराशे चाळीसवर जा.
तिथं चरबी आणखी एक शब्द बोलते.
पिशवी गप्प बसते.

चोर बोलण्यावरून नाही, तर.

गेले. पडद्यावर मांस निळं, चरबी पिवळी,
आणि पिवळं जिथं यायला हवं होतं तिथं न आलेले
तेरा ठिपके.
एक तर दुधाच्या नळीच्या अगदी काठाला,
कट्ट्यावर नंबर लावून उभा असल्यासारखा.

आनंद झाला. झाला, हे लिहून ठेवते.

मग कोरी काच तपासली,
जिच्यावर आम्ही काहीच ठेवलं नव्हतं.
तिच्यावर दोन ठिपके, हातमोज्यांच्या पाकिटाचे.
आणि एक धागा. निळसर. पॉलिएस्टर.
बाहेर जाऊन खिळ्यावरची ओढणी उजेडात धरली,
महाद्वार रोडवरून घासाघीस करून घेतलेली.
तीच.
मी पोचायच्या आधी माझा धागा आत पोचला होता.

तेरातून दोन गेले. अकरा.
धाग्याची नोंद वेगळी: आमच्याकडून, एक.

मल्लाप्पा शनिवारी आले, चपला जिन्याखाली काढून.
“ह्यानं मेली व्हय ती?”
नाही. ती बावीस किलोनं गेली.
हे अकरा काय करतात ते यंत्र सांगत नाही.
मलाही ठाऊक नाही, काका.
ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले,
निळ्याला हात लावून म्हणाले, “हितं हात फिरवला की पान्हा सोडायची.”

मग दाराबाहेर ठेवलेला पितळी तांब्या पुढं केला.
तिच्या लेकीचं दूध. पहिलारू.
“ह्यात बघा.”
तांब्याच्या तोंडाला कॅरीबॅग, वर रबर,
सायकलवर सांडू नये म्हणून.

काय बोलावं.
म्हटलं, हा नमुना चालणार नाही.
त्यांनी पिशवीकडे पाहिलं, रबर काढला,
पिशवीची चार पदरी घडी घातली, खिशात ठेवली.
“मग पिऊन टाका. ऊन हाय अजून.”

प्याले, तिथंच, दारात उभी राहून.
वहीत लिहिलं: नमुना बाद.
तांब्या विसळून दिला.
ओठावर फेस राहिला होता,
पुसायला हात आपोआप खिळ्याकडे गेला.