क्यू. एस.

गोळी दोनशे मिलिग्रॅमची.
त्यात औषध पाच.
बाकीची मी.

म्हणजे स्टार्च, लॅक्टोज, थोडं शंखजिरं,
आणि चिमूटभर मॅग्नेशियम स्टिअरेट,
साच्याला चिकटू नये म्हणून.
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये एकतीस वर्षं
हेच मळलं, वाळवलं, चाळलं.
पाकिटावर या सगळ्यांना मिळून एक शब्द:
एक्सिपिएंट्स.
पुढे, वजनाच्या जागी, क्यू. एस.

पहिल्याच वर्षी केरसी सरांना विचारलं,
हा शब्द आला कुठून?
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
लॅटिन छे, दीकरी.
कॅपेरे म्हणजे घेणं.
आधी एक्स लागला की बाहेर काढणं, वगळणं.
इंग्रजीतला एक्सेप्ट त्याचाच भाऊ.
पण पाहुणा दारात आला,
पुढे होऊन त्याला आत घेतलं,
तरी ते लोक हेच क्रियापद वापरायचे.

वगळणं आणि आत घेणं, एकाच शब्दात?
सर हसले.
वडोदरामां रहे छे ने?

रात्री ताटावर बाबांना सांगितलं.
आपल्याकडे अनुपान म्हणतात, ते म्हणाले,
मध, तूप, कोमट पाणी.
मी म्हटलं, नाही हो,
अनुपान वेगळ्या वाटीत असतं,
वैद्य त्याचं नाव घेऊन सांगतो.
बाबा भात कालवत राहिले.
मग एकदम, पणजोबांचं बोलू लागले:
कुणा सरदाराबरोबर साताऱ्याकडून आलेले,
पागेत घोड्यांच्या चंदीचा हिशेब लिहायला.
हरभरा किती भिजला, किती उरला.
सरदाराचं नाव एका बोळाला तरी आहे.
चंदीची वही वाळवीनं खाल्ली.
आणि घोडे?
घोडे जेवले, बाबा म्हणाले. ताक वाढ.

आता घरी असते. दांडिया बाजारात,
खाली फाफडेवाला, वर मी.
डॉक्टरांनी प्रेशरची गोळी दिलीये, पाचचीच.
सकाळी पट्टी उलटी करून वाचते, सवयीनं.
औषधाचं नाव, वजन, दशांशासकट.
मग आम्ही. क्यू. एस.
क्वांटम सॅटिस.
पुरेल तितकं.

किती पुरतं, ते पाकिटावर नसतं.
पावसाळ्यात पाणी कमी घालायचं,
मुठीत दाबलेला गोळा
अंगठ्यानं मोडून बघायचा,
हे हसुमतीबेनला माहीत, मला माहीत.

गोळी तळहातावर घेते.
नखानं कड तपासते.
चुरा नाही.
कुणीतरी नीट मळलंय.